रिकाम्या पोटाचे डोहाळे

१४ जून १९७९

गोजराला घेऊन आले. सिन्नरची गाडी खच्चून भरली होती. एका जाडजूड गृहस्थाला उठवून तिला जागा करून दिली. तो म्हणाला, "तिकीट मीपण काढलंय." मी म्हणाले, "तुम्ही एकाचं काढलंत. इथे दोघं आहेत." गाडी हसली, तो उठला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. आई गेली तेव्हा गोजरा चालतही नव्हती, मीच तिला वाढवलं. तेव्हा माहेर म्हणजे मी आणि शाळेकडून मिळालेल्या या दोन खोल्या.

नाशिकरोडला उतरल्यावर घरापर्यंतच्या वाटेत ती दोनदा खाली बसली. तिला सांगितलं, "आपली आई तुझ्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत खडी फोडत होती." ती म्हणाली, "हां आक्का." आणि पुन्हा बसली. सातवा आहे, जड झाली असेल.

शेजारची तानुबाई भाजीची पाटी उतरवून दारातच उभी होती. तिने गोजराची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "अगं बया, केवढी उजळली! पोरगीच होणार. पोरगी असली की आईला तेज चढतं."

मी म्हणाले, "तानुबाई, या घरात उजळली हा शब्द चालणार नाही. काळं ते कमी आणि गोरं ते भारी, हे ठरवलं कोणी?"

"मी नाय ठरवलं बाई. मी आपलं तव्याचं बूड हाय."

मग मी बोलत राहिले. रंगाने माणसाची किंमत करणाऱ्यांनीच जन्माने किंमत करायची सवय लावली, हे त्यांना समजावून सांगितलं. तानुबाई पदर तोंडाला लावून हसत होती. गोजरा भिंतीला टेकून ऐकत होती, ऐकता ऐकता झोपली.

२२ जून

गोजराच्या पायांना चिखल्या आहेत. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सुटली आहे आणि घोट्यापर्यंत बारीक पुरळ आहे. दारणेकाठच्या एका मळ्यावर ती आणि तिचा नवरा निवृत्ती सालाने कामाला आहेत. दिवसभर अनवाणी पाण्यात उभं राहून दारं धरायची, पिकाला पाणी वळवायचं, दुसरं काय होणार. मेंदी वाटून लावली. तानुबाई म्हणाली, "आता नवरीवानी दिसते." गोजरा पाय खाजवत बसली.

मालकाच्या बैलाच्या खुराला नाल आहे आणि माझ्या बहिणीच्या पायात वहाण नाही. हे वाक्य लिहून ठेवते, रविवारच्या सभेत घेईन.

२४ जून

वाक्य घेतलं. टाळ्या पडल्या.

३ जुलै

गोजरा माती खाते. मडक्याची खापरी दाताने कुरतडताना दिसली. मी पाहिल्यावर लाजून तिने ती पदराखाली लपवली. तानुबाई म्हणाली, "त्यात काय? डोहाळेच हायेत. बाजारात भाजक्या मातीचे खडे मिळतात गरवारणींसाठी. पहिल्या पावसाच्या मातीसारखे लागतात. मी माझ्या वाल्मीकाच्या वेळी पाटीभर खाल्ले असतील."

"म्हणून तो असा मातकट निघाला का?" मी म्हणाले. वाल्मीक तिचा मोठा मुलगा. तो ओट्यावरच बसला होता, तोही हसला.

मनात आलं, अडवावं. माती ती माती, पोटात कशाला. पण मग विचार केला. बाईला सगळ्या आयुष्यात एकदाच विचारतात, तुला काय खावंसं वाटतं? एरवी उरलंसुरलं तिचं. तेव्हा तिला हवं ते मिळालं पाहिजे, मग ती माती का असेना. शाळेतून येताना मीच खडे आणले. गोजराने ते मांडीवर घेतले आणि डोळे मिटून खाल्ले. तिला असं आवडीने काही खाताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

१९ जुलै

दवाखान्यात नेलं. रांग फाटकाबाहेर होती. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या घ्या, पालेभाजी खा." पुढची बाई आत आलीसुद्धा.

गोळ्या मी माझ्या हाताने देते. पालेभाजी तानुबाई देते, निवडक जुड्या.

संध्याकाळी तिला वाचून दाखवते. आता तिसरं पुस्तक सुरू आहे. ती पहिल्या पानावरच झोपते. आज जरा रागच आला. म्हणाले, "तुझ्या लेकीने विचारलं की आई तुला काय माहीत आहे, तर काय सांगशील?" ती म्हणाली, "आक्काला विचार, म्हणंल."

६ ऑगस्ट

मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावली. रडली, पण आवाज बारीक होता. निवृत्ती संध्याकाळच्या गाडीने आला. पोरीकडे बघून म्हणाला, "आक्का, ही तर मुठीतली हाय. खिशात घालून घरी नेतो." गोजराला तिच्याजवळ ठेवलं तर म्हणाली, "मला झोपू दे."

१० ऑगस्ट

आज पाचवी. तानुबाई वरवंटा घेऊन आली. त्याला हळदकुंकू लावायचं, बाळाजवळ ठेवायचा, म्हणजे रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते. मी म्हणाले, "आपण तो धर्म सोडून किती वर्षं झाली? वरवंटा मात्र घरातच राहिला. नशीब लिहायला रात्री कोणी येत नाही, तानुबाई. ते दिवसाढवळ्या कचेरीत लिहिलं जातं."

"बाई, धर्म सोडला, पोरं हुयाची सोडली का? कचेरीत अर्ज करू, तवर आपलं हे ठिवू."

मी ठेवू दिला नाही. ती वरवंटा कडेवर घेऊन गेली.

बाळ दूध ओढत नाही. गोजराला दूधही फारसं नाही.

११ ऑगस्ट

सकाळी बाळ गेलं. निवृत्ती आणि वाल्मीक घेऊन गेले.

१३ ऑगस्ट

शाळेत गेले. पाढे म्हणून घेतले. पोरांनी सतरा नवे चुकवले. मी पुढे गेले.

तानुबाई माझ्याशी बोलत नाही. ती काय म्हणत असेल ते मला माहीत आहे. म्हणू दे. वरवंट्याने पोर जगत नाही, हे मला कळतं. तरी स्वयंपाकघरात गेले की माझ्या पाट्यावरच्या वरवंट्याकडे लक्ष जातं. त्याने मिरची वाटते. बाकी काही वाटत नाही.

२६ ऑगस्ट

गोजरा रडली नाही. त्या दिवशीही नाही, आजवरही नाही. दिवसभर भिंतीला टेकून बसते. हाक मारली तर "हां" म्हणते. वाढलं तर दोन घास खाते. कॉलनीतल्या बाया येतात आणि तिला रडवायला बघतात. मालनबाई तर तिचं डोकं छातीशी धरून म्हणाली, "रड गं माझे बाई, मोकळी हो, नायतर याडी होशील." गोजरा तिच्या छातीशी नुसती टेकून राहिली. मालनबाईच थकली.

मी बायांना सांगितलं, तिला तिचं दुःख तिच्या पद्धतीने करू द्या. ऊर बडवून घ्यायला आम्हाला कोणी शिकवलं? रडणं हाच बाईचा धंदा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी माझी बहीण रडणार नाही.

मलाही रडू आलेलं नाही. पण माझं वेगळं आहे. मला बाळाचा चेहरा आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला तर दुपट्याची किनार आठवते.

९ सप्टेंबर

मनमाडला सभा होती, रेल्वे कामगारांच्या वस्तीत. विषय विद्यापीठाचं नामांतर. माझ्या आधी तिघं बोलून गेले होते, लोक कंटाळले होते. "आता वत्सलाबाई बोलतील" म्हटल्यावर मागची पोरं पुढे सरकली. मी नेहमीचं बोलले. मग अचानक म्हणाले, "माझ्या बहिणीची पाच दिवसांची लेक गेली. माझी बहीण रडली नाही. तिच्या डोळ्यांत एक थेंब नव्हता. कारण तिला ठाऊक आहे, की आपल्या आयांनी हजार वर्षं रडून बघितलं आणि कोणाला पाझर फुटला नाही. आता रडायचं नाही!"

मंडप उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. एका म्हातारीने येऊन माझे हात धरले. ते हात गरम होते एवढं जाणवलं. उजेड असतानाच परतीची गाडी मिळाली. वाटेत काहीच वाटलं नाही.

गोजराला सांगितलं, सगळ्यांनी तुला टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "बरं केलं."

२० सप्टेंबर

एक चांगली गोष्ट. गोजरा लिहायला शिकते आहे असं दिसतं. कपाटातल्या पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा अर्धा झाला आहे. मी विचारलं, तू घेतेस का? तिने मान डोलावली. लाजली. चौथीत शाळा सुटली होती तिची. मी दामटलं नाही, पाटी फक्त तिच्या हाताशी ठेवली. पाटी अजून कोरीच आहे, बहुतेक पुसून ठेवत असेल. दुःखातून माणूस अक्षराकडे वळतो, हे मी कितीदा तरी बोलले आहे. आज घरात पाहिलं.

नवा डबा आणला.

७ ऑक्टोबर

बैठकीहून आले तर तानुबाई माझ्याच घरात, गोजरासमोर बसलेली. बाळ गेल्यापासून ती आली नव्हती. मला म्हणाली, "बाई, तुमची बहीण काय करते तुम्हाला ठावं हाय का?"

"शिकते आहे."

"शिकते? खाते!" तिने गोजराची मूठ उघडली. आत पेन्सिलीचा तुकडा होता, ओला. "पेन्सिली खाते. वर तुमच्या मोरीजवळची भिंत बघा, पोपडे काढून चाटून ठिवलीय. पोर जाऊन दोन महिने झाले. पोट रिकामं झालं, डोहाळे कसे ऱ्हायले? मी सांगते. पोटात कोणीतरी हाय अजून तिच्या. हाय आणि रक्त पितंय तिचं. तोंड बघा, कागदावानी झालंय. पाचवी पुजली नाय, ते बाळ उपाशी गेलं आन् आईला धरून बसलंय. नाशकात गंगेपलीकडं एक भगत हाय..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी तिला दंडाला धरून उठवलं. कॉलनी गोळा होईल इतक्या मोठ्याने बोलले. पाच दिवसांच्या लेकराला भूत करता? त्याच्या आईसमोर? लाज वाटू द्या. असल्या भगतांनीच आपल्याला पिढ्यान् पिढ्या प्यायलं आहे, रक्त पिणारं दुसरं कोणी नाही. चालत्या व्हा.

ती गेली. जाताना म्हणाली, "बोला बाई, तुम्हाला बोलता येतं."

गोजराला विचारलं, का खातेस? म्हणाली, "माहीत नाय आक्का. खाल्ल्याबिगर ऱ्हावत नाय." आणि मग, "आक्का, हाय का गं काही पोटात?"

८ ऑक्टोबर

तानुबाईने निवृत्तीला निरोप धाडला असणार. तो दुपारीच आला. पाणी प्यायला, चहा घेतला, मग चप्पल पायात तशीच ठेवून दारात उभा राहिला. म्हणाला, "आक्का, राग धरू नका. मी हिला भगताकडं नेतो."

"पाहुणे, मी जिवंत असेपर्यंत नाही."

"मंग काय करायचं? तुम्ही पुस्तक वाचून दाखवता, ती बसून ऐकते. अशीच बसून जाईल एक दिस. आमच्या मळ्यावर सहादूची बायको अशीच गेली. बाळंत झाली, पांढरी पडली, सुजली, गेली. लोक म्हणले बाळंतवात. तुम्ही काय म्हणाल? हजार वर्षांचं काहीतरी?"

मला पहिल्यांदा कोणी असं बोललं. हरायचं नव्हतं. म्हणाले, "ठीक आहे. तिच्या पोटात कोण आहे ते मोठ्या दवाखान्यात बघू. तिथे दिसतं. काही नाही निघालं, की तुम्ही आणि तानुबाई दोघांनी कॉलनीसमोर कबूल करायचं, की भूतबीत नसतं."

"आणि निघालं तर?"

"निघणार नाही."

१० ऑक्टोबर

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. गोजराची पापणी, जीभ, नखं बघितली. नखं मध्ये खोलगट झाली आहेत, त्यावर पाण्याचा थेंब राहील अशी. मी रोज तिच्या हातावर गोळी ठेवत होते. नखं बघितली नव्हती.

रक्त काढून घेतलं. उद्या सकाळचं शौच काडेपेटीत घालून आणायला सांगितलं. निवृत्ती बाहेर येऊन म्हणाला, "आजवर दवाखान्यात लोक फळं नेत्यात. काडेपेटीत हे नेणारा आमच्या घराण्यात मी पहिला." गोजरा हसल्यासारखी झाली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

११ ऑक्टोबर

मला घडलं तसं लिहून ठेवायचं आहे.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. "बसा," म्हणाल्या. "हिच्या पोटात आहेत. पुष्कळ आहेत. आतड्याला आकड्यासारखे धरून बसलेत आणि रक्त पितायत."

निवृत्तीने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"कोण?" मी विचारलं.

"जंत. अंकुशकृमी म्हणतात. दोऱ्याएवढे असतात. तुम्ही गोळ्या देत होतात ना? तुम्ही भरत होतात, ते पीत होते. पोटुशी असताना तर एका रक्तावर तिघं होते, ती, बाळ आणि हे."

"म्हंजे तानुबाई..." निवृत्ती म्हणाला.

"गप्प बसा, पाहुणे."

मी विचारलं, हे आले कुठून? खाण्यातून? त्या म्हणाल्या, नाही, पायांतून. लोक बांधावर बसतात, ते मातीत मिसळतं, ओल्या मातीत जंतांची पिल्लं तयार होतात आणि अनवाणी माणसाच्या कातडीतून आत शिरतात. "पायांना चिखल्या होतात का?"

"त्या मळ्यावर सगळ्यांनाच होतात," मी म्हणाले.

"मग सगळ्यांनाच असतील."

माती खाण्याबद्दल म्हणाल्या, ते डोहाळे नव्हतेच. अंगातलं रक्त सरलं की माणूस माती खातो, खडू खातो, बर्फ खातो. बाळंत झाल्यावर डोहाळे जातात, हे गेले नाहीत तेव्हाच कळायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, "गोरी दिसायला लागली असेल. कोणी बोललं नाही घरात?"

मी म्हणाले, बोललं होतं.

मग मी बाळाचं विचारलं. त्या कागदावर लिहीत होत्या. म्हणाल्या, "आईच्याच अंगात नव्हतं, बाळाला कुठून मिळणार?"

निवृत्ती म्हणाला, "डॉक्टरीणबाई, ही रडतबी नाय."

"बारा हवं तिथे रक्त चारवर आलंय तिचं. एवढ्यात श्वास चालतो हेच नशीब. रडायला अंगात काही लागतं."

तिला आजच दाखल करून घेतलं. हृदयावर ताण आहे, दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं, असं म्हणाल्या.

मनमाडला मी काय बोलले ते आठवलं. पुढे लिहवत नाही.

१५ ऑक्टोबर

आधी रक्त, मग जंतांचं औषध, असा क्रम आहे. इतक्या अशक्त बाईला औषध सोसणार नाही. माझं रक्त जुळलं नाही. निवृत्तीचं जुळलं. त्याला भीती वाटत होती, बाटली बघून घाम फुटला. तरी झोपला टेबलावर. नंतर गोजराच्या खाटेजवळ जाऊन म्हणाला, "आता तुझ्या अंगात माझं रक्त हाय. भांडलीस तर माझ्याच बाजूनं भांडावं लागंल."

गोजरा म्हणाली, "मंग हरनारच मी."

तीन महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. मी बाहेर येऊन बाकावर बसले. आनंद व्हायला हवा होता. बाकाच्या लाकडाला एक खिळा वर आला होता, त्यावर बोट फिरवत बसले.

१६ ऑक्टोबर

तानुबाई नळावर भेटली. सगळी कॉलनी होती. तिने हंडा खाली ठेवला, हात कमरेवर घेतले. "काय बाई? म्हटलं नव्हतं का मी, पोटात कोण तरी हाय?"

"तुम्ही भूत म्हणाला होता. ते जंत आहेत."

"नावाचं काय घेऊन बसलात. पीत व्हतं ना?"

मी माझा हंडा भरला. भूत नव्हतं, हे खरं आहे. भगताकडे नेली असती तर ती मेली असती, हेही खरं आहे. पण तिने गोजराचं तोंड बघितलं होतं. पहिल्याच दिवशी, दारात, उजेडाकडे करून बघितलं होतं. मी त्या तोंडावर भाषण केलं.

२ नोव्हेंबर

आज औषध दिलं. कडू पूड, पाण्यात कालवून, उपाशी पोटी. गोजराने नाक धरून घेतली, ओकारी दाबली. परवा पुन्हा तपासणार.

११ नोव्हेंबर

घरी आणली. पेन्सिलींचा डबा उघडाच ठेवला होता, तिने ढुंकूनही बघितलं नाही. जेवण मागते. आज म्हणाली, "आक्का, डाळीला फोडणी कमी पडली." मला सांगत होती!

१८ नोव्हेंबर

धोंडीराम आला होता, आमच्या मंडळाचा चिटणीस. पुढच्या रविवारी सभा आहे, औरंगाबादच्या मोर्चाची तयारी. म्हणाला, "बाई, ते मनमाडचं घ्या. बहीण रडली नाही, ते. लोक अजून बोलतात."

मी म्हणाले, ते घेणार नाही. चिखल्यांवर बोलायचं आहे. बांधावर बसणं, अनवाणी पाय, मालकांकडे वहाणा मागणं, बायांची तपासणी.

"संडासावर?" तो हसला. "बाई, तुम्ही आमची तोफ. तोफेतून पादत्राणं काय उडवता? लोक विद्यापीठाच्या नावासाठी डोकी फोडून घ्यायला तयार आहेत आणि तुम्ही जंतांवर बोलणार?"

एरवी मी त्याला उभा सोलला असता. नाव मला हवंच आहे, त्यासाठी मी तुरुंगातही जाईन. पण विद्यापीठात जाणारी पोर आधी पाच दिवसांच्या पुढे जगायला हवी. हे वाक्य चांगलं होतं. चांगलं आहे म्हणूनच बोलले नाही. म्हणाले, "माझ्याकडे सध्या तेवढंच आहे." तो दुसरा वक्ता शोधायला गेला.

गोजराचा रंग परत येतो आहे. गालावर, हातांवर, पूर्वीसारखा काळा. ओठ तांबूस दिसतात.

२८ नोव्हेंबर

रविवारी मी निवृत्तीबरोबर मळ्यावर गेले होते. बायांना बोलावलं. दहा-बारा आल्या. मंचावरून बोलायची सवय, समोर बसून काय बोलावं कळेना. "पाय दाखवा," एवढंच म्हणाले. त्या एकमेकींकडे बघून हसल्या, मग दाखवले. सगळ्यांचे सारखे होते. त्यातल्या एकीला पाचवा महिना आहे. शेजारची म्हणाली, "बघा की बाई, कशी उजळलीय ही." मी तिची पापणी ओढून बघितली. उद्या तिला दवाखान्यात आणायचं निवृत्तीने कबूल केलं आहे. मालकाशी बोलणं बाकी आहे.

३० नोव्हेंबर

दुपारी शाळेतून आले. गोजरा मेथी निवडत होती. मी चहा टाकला. तिने मान वर न करता विचारलं, "आक्का, बाळाला कुठं ठिवलं?"

मला कळेना.

"पुरलं कुठं?"

मला माहीत नव्हतं. मी गेले नव्हते, कोणाला विचारलंही नव्हतं. साडेतीन महिने. तसं सांगितलं तिला.

ती उठली आणि तडक तानुबाईच्या दारात गेली. मी मागून. तानुबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. गोजराने तेच विचारलं. तानुबाई आधी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वालदेवीच्या काठाला, बाभळीपशी. वाल्मीक सांगत व्हता, खोल खणलं म्हणून. वर दगड ठिवलेत. कुत्रं नाय उकरायचं, काळजी करू नको."

गोजरा "बरं" म्हणाली. दोन पावलं मागे वळली आणि तिथेच, दोन घरांच्या मध्ये, खाली बसली. आधी नुसता श्वास ओढल्यासारखा आवाज आला. मग ती ओरडली. असा आवाज तिच्या अंगात आहे हे मला माहीत नव्हतं. "माझी बाय गं, माझी बाय" एवढंच. जमिनीवर हात आपटत होती. मी तिच्याजवळ उभी राहिले.

दारं उघडली. मालनबाई धावत आली. "काय झालं? कोण गेलं?"

"आमची पोर गेली," मी म्हणाले.

कोणीही म्हटलं नाही, की ती तर ऑगस्टातच गेली. मालनबाई खाली बसली. मग बाकीच्या बसल्या. गोजराला मध्ये घेऊन गोल झाला. रडणारी रडत होती, ऐकणारी ऐकत होती. उन्हं कलेपर्यंत चाललं.

मी घरात आले आणि चूल पेटवायला घेतली. तानुबाईने मागून काडी हातातून काढून घेतली. "आज पेटवायची नसते, बाई. सुतकाचं घर हाय." थोड्या वेळाने ती पिठलं आणि भाकरीची चवड घेऊन आली. आमच्यात कोणी गेलं की शेजारच्यांनी कडू घास द्यायचा असतो. ऑगस्टात मी कोणाचा घास दारात येऊ दिला नव्हता.

मी कधी नव्हे ते वाद घातला नाही. पानं घेतली. गोजरा डोळे पुसून बसली, एक घास घेतला की पुन्हा रडायची, पुन्हा घास घ्यायची. नाकातून पाणी येत होतं, पिठलं तोंडाला लागलं होतं. दुसरी भाकरी संपली तेव्हा तिने रडतच हात पुढे केला. तिसरी मागितली.

मी वाढत राहिले.